सहा तासांचा पाहुणा

फुप्फुसातील कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने काढावी की नाही, हे ठरवण्यापूर्वी डॉक्टरांना एका प्रश्नाचे उत्तर हवे असते : रोग तेवढ्यापुरताच आहे, की रक्तावाटे अन्यत्र पोचला आहे? या रोगाच्या पेशी बऱ्याचदा मणके, बरगड्या किंवा कमरेच्या हाडांत ठाण मांडतात. तसे झाले असेल, तर नुसती गाठ काढून रोग बरा होत नाही. उपचारांची दिशाच बदलावी लागते.

साध्या क्ष-किरण चित्रात हे लवकर कळत नाही. हाडातील ३० ते ५० टक्के खनिज नाहीसे झाल्यावरच तेथील खळगा दिसू लागतो. अशा वेळी टेक्नेशियम हे मूलद्रव्य उपयोगी पडते. इटलीतील पालेर्मो येथे १९३७ साली सेग्रे व पेरिये यांनी ते शोधले. कृत्रिम रीत्या तयार झालेले हे पहिलेच मूलद्रव्य!

टेक्नेशियम-९९एम हा त्याचा किरणोत्सारी प्रकार फॉस्फरसच्या एका संयुगाला जोडून शिरेतून टोचतात. कर्कपेशींनी पोखरलेल्या जागेभोवती शरीर नवे हाड घडवू पाहते, आणि नेमके तेथेच हे संयुग अधिक साठते. सुमारे तीन तासांनी रुग्णाला गॅमा कॅमेऱ्याखाली निजवतात. क्ष-किरण बाहेरून शरीरात शिरतात. येथे मात्र गॅमा किरण शरीरातून बाहेर येतात. ते कॅमेऱ्यातील सोडियम आयोडाइडच्या स्फटिकावर आदळले, की प्रकाशाचे सूक्ष्म स्फुरण होते. अशा असंख्य स्फुरणांतून सबंध सांगाड्याचे चित्र तयार होते.

या टेक्नेशियमचा अर्धायुकाल ६ तासांचा आहे. म्हणजे २४ तासांत चार अर्धायुकाल होऊन १/१६ भागच उरतो. शिवाय बराचसा भाग लघवीवाटे आधीच निघून जातो. काम होईपर्यंत थांबणारा आणि मुक्काम न लांबवणारा असा हा पाहुणा!

मात्र विद्यार्थी मित्रांनो, चित्रातील गडद डाग म्हणजे कर्करोग नव्हे. ‘येथे हाडाची डागडुजी चालू आहे’ एवढेच तो सांगतो. मोडून जुळत आलेले हाड किंवा झिजलेला सांधाही तसाच डाग उमटवतो. म्हणून संशयित जागेची सीटी, एमआरआय किंवा प्रसंगी हाडाचा तुकडा काढून तपासणी करतात. आता अनेक रुग्णालयांत याच कामासाठी पेट-सीटी वापरतात. तेथेही खात्री करून घ्यावीच लागते. एका डागावर विसंबून शस्त्रक्रिया नाकारली आणि तो डाग पडून दुखावलेल्या बरगडीचा निघाला, तर बरा होऊ शकणारा रुग्ण आपण गमावू!