धानाच्या तुसातील ऊर्जा

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. परंतु येथील धानाचा व गिरण्यांचा लौकिक त्याहून पुष्कळ जुना आहे. याच जिल्ह्यात तिरोडा येथे ३,३०० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र आहे. तथापि केंद्र शेजारी असल्याने गिरणीची वीज स्वस्त होत नाही. महावितरणच्या विजेचा दर राज्य वीज नियामक आयोग ठरवितो. शिवाय यंत्र थांबले तरी स्थिर आकार चालूच राहतो.

अशा स्थितीत गिरणीमालकाची दृष्टी तुसाकडे वळणे स्वाभाविक होय. १०० क्विंटल धानापासून सुमारे २० क्विंटल तूस निघते. उष्णतेच्या मापाने ३ किलो कोरडे तूस सुमारे १ किलो भट्टीच्या तेलाइतके भरते. उकडा तांदूळ करताना धान भिजविणे, वाफविणे व वाळविणे या तिन्ही कामांना उष्णता लागते. ती बॉयलरमध्ये तूस जाळून मिळते. ओले तूस मात्र नुसते धुमसते, म्हणून त्यास छप्पर हवे. जळाल्यावर सुमारे पाचवा हिस्सा राख उरते. ती बहुतांशी सिलिका असते. तिला शेणखताच्या जागी धरू नये. उडती राख शेजारच्या पिकावर बसते, ही शेतकऱ्यांची तक्रार रास्तच आहे. धुराड्यास राख अडविणारी योजना बसविणे गिरणीचे काम आहे.

भरडाईचा भाव ठरविताना तूस कोणाकडे राहणार, हे शेतकऱ्याने आधीच विचारून घ्यावे. ते फुकटचे राहिलेले नाही. धानही १४ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवूनच गिरणीवर न्यावे.