जिन्याच्या वरचे टोक

आपल्या भागातील डॉक्टरांच्या इमारतीची रचना सर्वांच्या परिचयाची आहे. तळमजल्यावर दवाखाना, मागे चार-सहा खाटा आणि जिना चढून गेले की राहते घर. पांढुर्णा व सौंसर येथील आपले अनेक व्यवसायबंधू असेच राहतात. मीही तसाच राहतो. नोंदणीच्या नूतनीकरणाची वेळ आली की आपण अग्निशामक नळकांडी भरून घेतो, हिंदीतील अर्ज भरतो आणि ‘अनापत्ति’ची वाट पाहतो. मात्र जिन्याच्या वरच्या टोकाला काय आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही.

राष्ट्रीय इमारत संहितेत (२०१६) एक-दोन कुटुंबांचे खासगी घर आणि रुग्णालय हे वेगवेगळे वर्ग आहेत. लहान खासगी घरात धूरसूचक यंत्र बसविण्याची सक्ती नाही, म्हणून आपण निश्चिंत असतो. परंतु त्याच संहितेचे म्हणणे असे की, एका इमारतीत दोन प्रकारचे वापर असतील तर अधिक धोक्याच्या वापराचे निकष लागू होतात. चार तास आग अडवून धरणाऱ्या भिंतींनी ते भाग विलग केलेले असतील तरच त्यांचा स्वतंत्र विचार होतो. आपल्या घरांचा जिना तर थेट दवाखान्याच्या पडवीत उतरतो! संहिता स्वतः कायदा नव्हे, तिला बळ मिळते ते राज्याच्या नियमांतून; पण धुराला हा भेद कळत नाही.

भंडारा आपल्यापासून दूर नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे तेथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात दहा बालके दगावली, सात वाचविता आली. १ ऑगस्ट २०२२ रोजी जबलपूरच्या एका खासगी रुग्णालयात आठ जण मृत्युमुखी पडले. या घटनांनंतर रुग्णालयांची तपासणी झाली, ते योग्यच झाले. राहत्या घरांचा विषय मात्र तसाच राहिला.

‘आपली घरे हवेशीर असतात,’ असे एक ज्येष्ठ स्नेही मला म्हणाले. कवेलूच्या छपरांच्या काळात ते खरे होते. धूर फटींतून निघून जाई. आता स्लॅब आहे, सरकत्या काचा आहेत आणि वातानुकूलन यंत्रासाठी त्या रात्रभर बंद असतात. शिवाय भाव वाढेल या आशेने अनेक शेतकरी कापूस घरातच भरून ठेवतात. त्यापासून होणारी खाज घेऊन येणारे रुग्ण आपण पाहतो. त्याच खोलीत डासांची अगरबत्ती जळते, याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. कापूस भडकण्यापूर्वी आतल्या आत तासन्‌तास धुमसतो. अशा धुमसत्या आगीचा धूर प्रकाशकिरणांच्या विखुरण्यावर चालणारे यंत्र लवकर ओळखते. आयनीभवनावर चालणारे यंत्र भडकत्या ज्वाळांना अधिक तत्परतेने दाद देते. आपल्या घरांना पहिले अधिक उपयोगी, असे माझे मत आहे.

झोपेत धुराच्या वासाने जाग येईल, हा भरवसा धरण्यात अर्थ नाही. कार्बन मोनॉक्साइडचे हिमोग्लोबिनविषयीचे आकर्षण ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक असते. अशा रुग्णाच्या बोटाला लावलेला पल्स ऑक्सिमीटर ९८ दाखवितो आणि नवखा डॉक्टर फसतो. फोमच्या गाद्या जळाल्या तर हायड्रोजन सायनाइडची भर पडते. ज्वाळा खोलीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच माणूस बेशुद्ध झालेला असतो.

इंग्लंडमध्ये २०१५ पासून घरमालकाने भाड्याच्या घराच्या प्रत्येक राहत्या मजल्यावर किमान एक धूरसूचक यंत्र बसविणे आणि भाडेकरार सुरू होईल त्या दिवशी ते चालते की नाही हे पाहणे बंधनकारक आहे. तेथे शिकणारी माझी भाची सांगत होती की, किल्ल्या हाती देण्यापूर्वी मालकाने छताखालचे बटण दाबून दाखविले. स्कॉटलंडने २०२२ पासून सर्वच घरांसाठी परस्परांशी जोडलेली यंत्रे ठरविली. एक वाजले की सारी वाजतात. स्वयंपाकघरासाठी मात्र तेथे उष्णतेवर चालणारे यंत्र सांगितले आहे. आपल्या फोडणीसाठी हा भेद फारच महत्त्वाचा, हे गृहिणींना वेगळे सांगायला नको.

मी दोन यंत्रे बसविली. एक जिन्याच्या माथ्यावर, दुसरे झोपण्याच्या खोल्यांबाहेर, दोन्ही छताला. कारण धूर आधी वर जातो. त्यांवर निर्मितीचे वर्ष पाहून घ्यावे, कारण दहा वर्षांनी यंत्र बदलायचे असते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मी बटण दाबतो. खाली रात्रपाळीच्या परिचारिकेला सांगून ठेवले आहे की, इतर कोणत्याही वेळी तो आवाज ऐकू आला तर आधी रुग्णांना पडवीबाहेर काढावे आणि मग मला हाक मारावी.