धाब्यावरची माती, भिंतीवरचा चुना

बुलढाण्याची माणसं आपल्या जिल्ह्याचे दोनच भाग मानतात. मलकापूर, नांदुरा, शेगाव घाटाखाली. चिखली, मेहकर, देऊळगाव राजा घाटावर. बुलढाणा शहरही घाटावर, समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास. तिथून अजिंठ्याच्या रांगेच्या कडेकडेनं धाडच्या बाजूला निघालं की काही गावांत धाब्याची घरं अजून उभी आहेत. सपाट मातीचं छत, जाड मातीच्या भिंती आणि भिंतींना चुना. मे सरत आला असताना मी अशा एका घरी गेलो तेव्हा तिथं दोन्ही कामं एकदमच निघाली होती. लग्न तोंडावर म्हणून चुना, आणि मृग तोंडावर म्हणून धाबं.

धाब्याचं काम घरातले म्हातारे बाबा स्वतः बघत होते. सत्तरी ओलांडलेली, तरी शिडीवर कुणाचा हात धरत नव्हते. धाबं म्हणजे खाली सागाच्या किंवा बाभळीच्या तुळया, त्यांवर आडव्या फाट्या, त्यांवर पऱ्हाट्या नि कडुनिंबाचा पाला, मग चिखलाचा थर आणि सगळ्यांत वर पांढरी माती. निंबाचा पाला वाळवीसाठी. हे सगळं एकदाच करायचं. पण वरची माती दर उन्हाळ्यात नव्यानं द्यावी लागते. वर्षभराच्या पावसा-वाऱ्यानं ती झिजते, उंदीर बिळं करतात, आणि श्रावणात छतावर चक्क गवत उगवतं. ते वेळीच उपटलं नाही तर मुळं आत वाट करतात आणि पुढच्या पावसाचं पाणी त्याच वाटेनं घरात येतं.

माती कुठलीही चालत नाही. शेतातली काळी घेतली तर उन्हात तिला भेगा पडतात. हवी ती पांढरी: जुन्या पडक्या वस्तीच्या टेकाडाची, गढीच्या ढासळलेल्या बुरुजाची. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, पडलेल्या भिंती असं सगळं मुरून तयार झालेली ही करडी, खारट, पिठासारखी माती. पाणी पडलं की ती दबून बसते आणि पुढचं पाणी वरच्यावर उतारानं पन्हाळीकडे जातं. वऱ्हाडातल्या कितीतरी गढ्या शत्रूनं नव्हे, गावानंच टोपल्याटोपल्यानं संपवल्या आहेत. मला याचं फारसं वाईट वाटत नाही. सरदाराची भिंत गरिबाच्या छतावर आली, इतकंच.

दोन बायका खालून टोपली द्यायच्या, एक पोरगा वर घ्यायचा. बाबा ढीग पांगवत जायचे आणि पायानं दाबत मागं सरकायचे. उतार त्यांनी डोळ्यानंच धरला होता. मध्येच तांब्याभर पाणी ओतून ते कुठं जातं ते बघायचे. साण्याभोवती, म्हणजे उजेडासाठी आणि धूर जाण्यासाठी छतात ठेवलेल्या भोकाभोवती, त्यांनी मातीचा काठ वीतभर उंच केला. धाबं गळतं ते बहुतेक इथूनच.

खाली अंगणात चुना चालला होता. तो घरातल्या मावशींचा प्रांत. कळीचा चुना त्यांनी आदल्या संध्याकाळीच लोखंडी टाकीत विझत घातला होता. आधी पाणी, मग चुना, हा क्रम त्या मला दोनदा बजावून गेल्या. “उलटं केलं त उसळून डोयात जाते, भाऊ.” खरंच आहे ते. चुनखडी नऊशे अंशांच्या आसपास भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि वजन जवळजवळ निम्म्यावर येतं. उरते ती कळी. ती पाण्यासाठी हपापलेली असते. पाणी मिळताच टाकी खदखदायला लागते, वाफा निघतात. सकाळपर्यंत ती शांत झाली होती. मग फडक्यानं गाळणं, थोडा डिंक भिजवून घालणं, आणि चिमूटभर नीळ. नीळ घातली की पिवळट छटा मरते.

भिंती दोन दिवस आधीच शेणामातीनं लिंपून वाळवल्या होत्या. ऊन चढायच्या आत भिंतीवर पाण्याचा हबका मारायचा आणि ओल असतानाच घायपाताच्या वाखाचा कुंचा फिरवायचा. पहिला हात फिरला तेव्हा मला काहीच पांढरं दिसेना. दुधाळ पाणी भिंतीवरून ओघळल्यासारखं वाटलं. मावशी हसल्या. “वाळू द्या ना.” अर्ध्या तासात भिंत पांढरी व्हायला लागली, वरून खाली. भट्टीत गेलेला वायू चुना हवेतून परत ओढून घेतो आणि भिंतीवर पुन्हा पातळ चुनखडी तयार होते. म्हणून जाड थर देऊन उपयोग नाही, तो पोपडे धरतो. पातळ हात तीनदा. शेवटी खाली कावेचा पट्टा, म्हणजे पावसाचे शिंतोडे त्यावर उडाले तरी कळत नाही.

अशी घरं फक्त आपल्याकडंच नाहीत. स्पेनच्या दक्षिणेत, ग्रानादाजवळ सिएरा नेवादा पर्वताच्या उतारावर आल्पुहारा म्हणून मुलूख आहे. पाम्पानेइरा, बुबियोन, कापिलेइरा ही तिथली पांढरी गावं जगभरच्या कॅलेंडरांवर असतात. तिथल्या घरांबद्दल ऐकून बाबांना नवल वाटलं नाही, मला मात्र वाटलं होतं: भिंतींना चुना, छत सपाट, आणि छतावर पाटीच्या दगडाची झीज होऊन बनलेली ‘लाउना’ नावाची करडी चिकणमाती. तशीच सपाट मातीच्या छतांची घरं मोरोक्कोच्या ॲटलास डोंगरांतही आहेत. पोकेइराच्या दरीतल्या या तीन गावांना १९८२ साली ऐतिहासिक वास्तूंचा दर्जा मिळाला आणि चुना तिथं गावाच्या पोटापाण्याचा भाग झाला.

आपल्याकडं गणित वेगळं आहे. २०१६ साली सुरू झालेल्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशातल्या घरकुलाला १ लाख २० हजार रुपये मिळतात, ते पक्क्या घरासाठी. दर जेठात टोपल्या वाहणाऱ्या बाईला स्लॅब नको असेल असं म्हणायला शहरात राहावं लागतं. बाबांच्या थोरल्यानं शेजारीच स्लॅबच्या दोन खोल्या बांधल्या आहेत. नवरानवरी तिथंच राहणार. दुपारी मात्र सगळी वऱ्हाडी मंडळी धाब्याखाली आडवी झाली होती, कारण स्लॅबखाली बसवत नव्हतं.

संध्याकाळी टाकीत चुना उरला. मावशी तो पुढच्या ओट्याला लावणार होत्या, पण थोरल्यानं बादली उचलली. स्लॅबवर चुन्यात फेव्हिकॉल कालवून फासलं की खोली तेवढी तापत नाही, असं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. मावशींनी त्याला कुंचा दिला आणि सांगितलं, आधी झाड, मग पाणी मार, आणि पातळ लाव.