चाल कुणाची, चौकट कुणाची?

१४ ऑक्टोबर १९३० रोजी न्यूयॉर्कच्या ऑल्विन थिएटरात ‘गर्ल क्रेझी’ हे संगीत नाटक सुरू झालं. त्यात एथेल मर्मननं गायलेलं ‘आय गॉट ऱ्हिदम’ हे गाणं लगोलग लोकांच्या तोंडी बसलं. संगीत जॉर्ज गर्श्विनचं, शब्द त्याचा भाऊ आयरा याचे. पुढच्या काही वर्षांत जॅझवादकांनी हे गाणं इतक्या वेळा मोडलं आणि नव्यानं बांधलं, की त्याच्या सांगाड्याला ‘ऱ्हिदम चेंजेस’ असं वेगळं नावच मिळालं. प्रसिद्ध रचना मैफलीत नव्यानं वाजवताना वादक नेमकं काय ठेवतात, हे या गाण्यावरून स्वच्छ कळतं.

मूळ गाण्याचं आवर्तन ३४ बारांचं. वादकांनी शेवटची शेपटी छाटून ते ३२ बारांचं केलं. एका बारात चार मात्रा, म्हणजे एकूण १२८ मात्रा. आठ-आठ बारांचे चार तुकडे पडतात. पहिला, दुसरा आणि चौथा जवळपास सारखे. तिसरा वेगळा, त्याला ‘ब्रिज’ म्हणतात. सुरावटीखाली कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे स्वरांचे पुंजके, ठरल्या क्रमानं बदलत जातात. ब्रिजमध्ये ते दोन-दोन बारांनी बदलतात. आपल्या भाषेत सांगायचं तर त्यांचे आधारस्वर गंधार, धैवत, रिषभ, पंचम असे येतात. प्रत्येक स्वर आधीच्याचा मध्यम. पंचमाचा मध्यम म्हणजे षड्ज, तिथे चौथा तुकडा सुरू होतो.

जॅम सेशनमध्ये सुरुवातीला सगळे मिळून चाल एकदा वाजवतात. मग एकेक वादक त्याच ३२ बारांच्या फेऱ्यांवर आपला विस्तार करतो. अखेरीस चार-चार बारांचे सवाल-जवाब होतात आणि पुन्हा चाल येते. आपल्या ख्यालात गायक आवर्तनामागून आवर्तन बंदिशीच्या मुखड्यावर परततो. इथे विस्तार चालू असताना मूळ चाल कानावर पडलीच पाहिजे असं नाही. ती मनात असते. ऐकू येतो तो तिचा पाया.

या प्रकाराला धार आली ती हार्लेममधल्या ‘मिंटन्स प्लेहाउस’मध्ये. हेन्री मिंटन या सॅक्सोफोनवादकानं १९३८ मध्ये ही जागा सुरू केली. वादकांच्या संघटनेचा सभासद जॅममध्ये बिनपैशानं वाजवताना सापडला तर त्याला दंड होई. मिंटन त्या संघटनेचा माजी प्रतिनिधी असल्यानं तिथे डोळेझाक होत असे. १९४० नंतर ड्रमवर केनी क्लार्क आणि पियानोवर थेलोनियस मंक रोज बसू लागले. डिझी गिलेस्पी, गिटारवादक चार्ली ख्रिश्चन, पुढे चार्ली पार्कर असे पाहुणे येत. नवख्यांना मंचावरून हटवण्यासाठी आम्ही मुद्दाम अवघड कॉर्ड वाजवत असू, असं गिलेस्पीनं पुढे सांगितलं आहे.

अवघड म्हणजे कसे? ब्रिजचंच पाहा. धैवताच्या जागी कोमल गंधार आणि पंचमाच्या जागी कोमल रिषभ घेतला, की आधारस्वर गंधार, कोमल गंधार, रिषभ, कोमल रिषभ असे अर्ध्या-अर्ध्या स्वरानं उतरत षड्जावर येतात. मुक्काम तोच, वाट निराळी. ज्याला फक्त चाल पाठ आहे तो इथे चुकतो. ज्याला चौकट कळली आहे तो तरतो.

चौकट अशी हाती आल्यावर तिच्यावर नव्या चाली उभ्या राहिल्या. लेस्टर यंगची ‘लेस्टर लीप्स इन’ १९३९ ची, ड्यूक एलिंग्टनची ‘कॉटन टेल’ १९४० ची, सनी रोलिन्सची ‘ओलिओ’ १९५४ ची. तिन्हींच्या तळाशी गर्श्विनचे कॉर्ड आहेत आणि तिन्ही स्वतंत्र रचना मानल्या जातात.

इथे कायदा येतो. अमेरिकेत संरक्षण मिळे ते सुरावटीला. सर्रास वापरातल्या कॉर्डच्या क्रमावर कुणाची मालकी चालत नसे. त्यामुळे जुन्या चौकटीवर नवी चाल बांधली, की मूळ संगीतकाराला मानधन द्यावं लागत नसे आणि नवी रचना वादकाच्या नावे नोंदता येई. २६ नोव्हेंबर १९४५ रोजी पार्करनं सॅव्हॉय कंपनीसाठी ‘को-को’ ध्वनिमुद्रित केलं. त्याची चौकट रे नोबलच्या ‘चेरोकी’ची. पहिल्या प्रयत्नात वादक ‘चेरोकी’ची चाल सुरू करतात आणि मध्येच थांबतात, तो तुकडा आजही ऐकायला मिळतो. प्रसिद्ध झालेल्या तबकडीत ती चाल नाही.

याची दुसरी बाजू कोलमन हॉकिन्सची. ११ ऑक्टोबर १९३९ रोजी त्यानं ‘बॉडी अँड सोल’ वाजवलं. सुरुवातीचे काही बार सोडले तर मूळ चाल त्यात जवळपास नाही. बाकी सारा विस्तार त्याचा स्वतःचा. तबकडी गाजली ती त्या विस्तारामुळे. रचना मात्र जॉनी ग्रीनच्या आणि गीतकारांच्या नावावरच राहिली. तिथल्या तिथे सुचलेल्या विस्ताराला कायद्याच्या लेखी रचनेचा मान नव्हता, आणि अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानं ध्वनिमुद्रणाला संरक्षण दिलं ते १९७२ मध्ये.

मिंटन्समध्ये जमणारे बहुतेक वादक कृष्णवर्णीय होते. त्यांच्या हाती प्रकाशनसंस्था नव्हत्या, ब्रॉडवेची थिएटरं नव्हती. म्हणून ‘ओलिओ’ किंवा ‘को-को’ ऐकताना त्यातलं बुद्धिचातुर्य मोजावंच, पण जे मनात वाजलं त्यावर स्वतःचं नाव घालण्याची ती एक वाट होती, हेही ध्यानात ठेवावं.