बघणारे आणि नाव देणारे

१८२९ सालचा पावसाळा सुरू होताना पुण्यात कवायतीच्या मैदानालगतच्या पडीक जमिनीवर कर्नल साइक्स यांना गवताच्या बियांच्या लहान लहान राशी दिसल्या. बिळात भिजलेलं धान्य मुंग्यांनी उन्हात वाळत घातलं होतं. मुंग्या धान्य साठवतात हे युरोपातले जाणते कीटकतज्ज्ञ तेव्हा मानत नसत. साइक्सनी १८३५ साली या मुंगीचं वर्णन छापलं. आज तिला फेडोले प्रोव्हिडेन्स म्हणतात. त्याच लेखात दुसऱ्या एका जातीचाही किस्सा आहे. गोडाच्या टेबलाचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवले, टेबल भिंतीपासून जरासं सरकवलं, तरी मुंग्या भिंतीवर चढून वरून नेमक्या टेबलावर उड्या टाकत! नाव देणारा माणूस इथं तासन्‌तास बघणाराही होता.

पक्ष्यांसाठी ख्यातनाम असलेले लष्करी डॉक्टर जर्डन यांचंही तसंच. १८५१ च्या त्यांच्या दक्षिण भारतातील मुंग्यांच्या यादीत लांब जबड्यांची, उडी मारणारी हार्पेग्नॅथोस सॉल्टेटर आहे. ती उडी नमुन्याच्या बाटलीत दिसत नाही, ती रानातच दिसते. राणी मेली की या जातीच्या कामकरी माद्या आपसांत झुंजतात आणि त्यांतल्या काही अंडी घालू लागतात. म्हणूनच २०१० मध्ये, जनुकसंच प्रथम वाचल्या गेलेल्या मुंग्यांत हिचा नंबर लागला.

पुढं मात्र कामाची वाटणी झाली. मुंबई इलाख्यातले वनाधिकारी रॉटन मुंग्या गोळा करून स्वित्झर्लंडला ऑगस्ट फोरेल यांच्याकडे पाठवत आणि नावं फोरेल देत. फोरेल पेशानं मनोविकारतज्ज्ञ. पुढं हजार फ्रँकच्या स्विस नोटेवर ते झळकले, मागच्या बाजूला मुंग्या. रॉटननी १८९२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये 'अवर अँट्स' लिहून इतरांनाही या नादाला लावलं. १९०३ मध्ये बिंगहॅम यांचा जाडजूड खंड आला. भारतातल्या मुंग्या ओळखायला पुढं कित्येक दशकं मुख्य आधार तोच. पण तो सुईला टोचलेल्या मुंगीसाठी लिहिलेला. कंबरेला एक गाठ की दोन, मिशांचे सांधे किती, पाठीवर काटे आहेत का, असे त्याचे प्रश्न. वारुळासमोर उकिडवं बसलेल्याला त्याची उत्तरं कशी मिळावीत?

ही उणीव भरून निघायला २००६ उजाडलं. अजय नरेंद्र आणि सुनील कुमार यांनी द्वीपकल्पातल्या मुंग्यांचं हातपुस्तक काढलं आणि बघणारा पुन्हा मध्यभागी आला. डिवचल्यावर बदामी आकाराचं पोट डोक्यावर उभारणारी क्रेमॅटोगॅस्टर, जिवंत पानं शिवून घर करणारी ईकोफिला यांना ओळखायला भिंग लागत नाही. २०१६ च्या यादीनं भारतातल्या जाती-उपजाती ८२८ वर नेल्या, त्यामुळे सगळ्याच इतक्या सोप्या असतील असं कुणी समजू नये. फेडोलेच्या कित्येक जातींत लहान कामकरी मुंग्या जवळपास सारख्याच दिसतात. जात ठरवायला त्याच वारुळातली मोठ्या डोक्याची शिपाई मुंगीही लागते.

आता मोबाइलच्या कॅमेऱ्यानं हजारो लोक बघणारे झाले, ही माझ्या मते साइक्सनंतरची सगळ्यात चांगली गोष्ट. तक्रार एकच: जो तो फोटो वरून काढतो. कंबरेच्या गाठी दिसतात त्या बाजूनं, त्यासाठी मोबाइल मातीला टेकवावा लागतो.