ऊसतोडीहून परतलेल्या ट्रॅक्टरचा रंग का जातो? पावसाळ्याआधी पत्रा वाचवण्यासाठी काय कराल?

साखर कारखान्यांचा हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये एमएच 23 आणि एमएच 44 पासिंगचे ट्रॅक्टर बीड जिल्ह्यात परतू लागतात. काही महिने ऊस ओढून आलेल्या ट्रॅक्टरचे ऑइल बदलले जाते, टायर-ब्रेक तपासले जातात. रंगाकडे मात्र 'तो काय, हौसेचा भाग' म्हणून कुणी फारसे पाहत नाही. लगेच नांगरणी सुरू होते आणि मग पाऊस येतो.

नेमके इथेच नुकसान होते. रंग हे पत्र्याचे कवच आहे. ते फुटले की गंज आत शिरतो, आणि ट्रॅक्टर विकायला काढला की घेणारा आधी मडगार्डखाली वाकून पाहतो. कर्जाचे हप्ते फेडून झाल्यावर हातात उरणारी किंमत बरीचशी या पत्र्यावर ठरते.

थोडक्यात महत्त्वाचे

- कोरड्या फडक्याने धूळ पुसणे ही रंग खराब करणारी सर्वांत मोठी सवय आहे.
- डिझेलने पुसल्यावर येणारी चमक काही तासांचीच असते.
- खत आणि बॅटरीचे पाणी रंगावर सांडले तर त्याच दिवशी धुवावे.
- टवका उडालेली जागा पावसाळ्यापूर्वी प्रायमर लावून बंद करावी.

रंगाखाली नेमके काय असते?

कारखान्यात पत्र्यावर आधी रासायनिक प्रक्रिया होते, मग प्रायमर आणि त्यावर वरचा रंग. हे सगळे थर मिळून जाडी साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी किंवा त्याहून कमी असते. वरचा रंग चमक देतो आणि ऊन-पाणी अडवतो. प्रायमर पत्र्याला धरून राहतो आणि गंज रोखतो. म्हणून नुसता वरचा रंग फिका पडला तर घाई नाही, पण उघडा पत्रा दिसू लागला तर थांबू नये.

गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. त्यामुळे तो आजूबाजूचा चांगला रंगही खालून उचलतो. आज ज्वारीच्या दाण्याएवढा दिसणारा टवका दोन पावसाळ्यांत तळहाताएवढा होतो, तो याच कारणाने.

बीडमध्ये रंग कशाने जातो?

*माती:* आष्टी-पाटोद्याच्या बालाघाटी माळावर मुरूम आणि खडे आहेत. चाकाखालून उडालेला खडा मडगार्डच्या आतल्या बाजूला आणि पायदानावर टवके पाडतो. गेवराई-माजलगावच्या गोदाकाठी काळी चिकण माती आहे. ती मडगार्डखाली लिंपली जाते आणि दिवसेंदिवस ओल धरून ठेवते. वरून सुकलेला थर आतून ओलाच असतो.

*धूळ:* मातीतील क्वार्ट्झचे कण काचेपेक्षा कठीण असतात. मोह्स मापनात क्वार्ट्झ 7 वर, तर साधी काच 5.5 च्या आसपास येते. अशा धुळीवर कोरडे फडके फिरवणे म्हणजे बोनेटला पॉलिश पेपर घासणेच.

*ऊस:* उसाच्या पानांत सिलिका असते, कडा करवतीसारख्या असतात. फडात शिरताना बोनेटच्या बाजू त्यावर घासल्या जातात. सांडलेला रस चिकट असल्याने त्यावर धूळ बसते.

*खत:* पोटॅशमध्ये क्लोराइड असते. युरिया आणि इतर खतांचे दाणे हवेतील ओलावा ओढून घेतात. पाऊस कमी असूनही पेरणी यंत्राची पेटी आणि ट्रॉलीचा तळ लवकर गंजतो, त्याचे हे मोठे कारण आहे.

*ऊन:* अतिनील किरणांनी रंगातील बांधून ठेवणारा घटक तुटतो. हात फिरवल्यावर बोटाला रंगीत पावडर लागली, तर वरचा थर झिजतोय असे समजावे.

कमी पाण्यात कसा धुवायचा?

उन्हाळ्यात गावात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे पाइप लावून ट्रॅक्टर धुणे परवडत नाही. तीन बादल्यांतही काम होते.

1. आधी सुकी धूळ हवेने उडवावी. टायरच्या दुकानातील हवेचा पाइप पुरतो.
2. सुकलेल्या चिखलावर ओले पोते अर्धा तास टाकून ठेवावे. खरवडू नये.
3. एका बादलीत गाडी धुण्याचा शाम्पू, दुसरीत फडके खंगाळायला साधे पाणी घ्यावे. वरून खाली यावे.
4. तिसरी बादली शेवटी साध्या पाण्याने पुसून घेण्यासाठी ठेवावी. मडगार्डची आतली बाजू सर्वांत शेवटी धुवावी.
5. लगेच कोरडे पुसावे. बोअरचे पाणी जड असते आणि थेंब वाळले की क्षारांचे पांढरे डाग राहतात.

बोनेट तापलेले असताना पाणी टाकू नये. कपडे धुण्याची पावडर नेहमी वापरल्यास तिच्यातील सोड्याने रंग निस्तेज होतो. प्रेशर वॉशरचा फवारा टवक्याच्या कडेवर, वायरिंगवर किंवा रेडिएटरच्या पापुद्र्यांवर जवळून मारू नये.

डिझेलने पुसले तर काय होते?

तेलकट थरामुळे रंग गडद दिसतो, पण त्यावर धूळ पटकन चिकटते आणि पुढच्या वेळी तीच घासली जाते. रबरी भागही मऊ पडतात. त्याऐवजी धुऊन सुकवलेल्या बोनेटवर आणि मडगार्डवर तीन-चार महिन्यांतून एकदा वॅक्स पॉलिश लावावे. बॅटरीचे पाणी सांडल्यास खायचा सोडा घातलेल्या पाण्याने धुवावे. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत मात्र जाऊ देऊ नये.

टवका उडाला तर?

- जागा धुऊन पूर्ण सुकवा. पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत गंज काढा, आजूबाजूच्या रंगाची कड उतरती करा. तोंडाला मास्क लावा.
- थिनरच्या फडक्याने पुसा. त्यानंतर तिथे हात लावू नका, घामाचे क्षार राहतात.
- त्याच दिवशी प्रायमरचे दोन पातळ हात द्या. उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका.
- वाळल्यावर कंपनीच्या शेडचा रंग दोन पातळ हातांत लावा. एकच जाड हात दिल्यास ओघळ येतात.
- नव्या रंगावर तीन-चार आठवडे पॉलिश करू नका.

मे महिन्याच्या दुपारी पत्रा इतका तापतो की थिनर लगेच उडून जातो आणि रंग नीट पसरत नाही. हे काम सकाळी सावलीत करावे. जुन्या रंगावर नवा रंग किंवा थिनर फुगतो का, हे आधी एखाद्या आडबाजूला लावून पाहावे. सायलेन्सरला उष्णता सहन करणाराच रंग लागतो, साधा रंग जळतो.

पूजा, स्टिकर आणि कागदपत्रे

खंडेनवमीला बोनेटवर हळद-कुंकू लागते, नारळाचे पाणी उडते. दुसऱ्या दिवशी ते ओल्या फडक्याने काढावे. हार तारेने न बांधता सुताने बांधावा. मोठ्या स्टिकरखालचा रंग उन्हापासून झाकलेला राहतो. पाच वर्षांनी स्टिकर काढले तरी नाव बोनेटवर उमटलेले दिसते.

नोंदणी पुस्तिकेत वाहनाच्या रंगाची नोंद असते. त्यामुळे अख्खा रंग बदलायचा असेल तर आधी आरटीओ कार्यालयात चौकशी करावी. रंगकाम करताना चेसिस क्रमांक, ग्रीसचे निपल आणि ट्रॉलीचे रिफ्लेक्टर झाकून घ्यावेत. रिफ्लेक्टरवर रंगाचा हात फिरला तर रात्री उसाची ट्रॉली मागून येणाऱ्याला दिसत नाही.

आधी काय करायचे?

वेळ आणि पैसा दोन्ही कमी असतील तर बोनेटची चमक राहू द्यावी. मडगार्डखालची माती काढून तिथले टवके प्रायमरने बंद करावेत. पत्रा सडायला सुरुवात तिथूनच होते. मृगाच्या आत एका सकाळी होण्यासारखे हे काम आहे.