कानाला हात

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. संगमनेर तालुक्यातल्या एका वस्तीवर गोठ्यासमोर बाज टाकून मी बसले होते आणि काकू गौरीचे कान चाचपत होत्या. गौरी म्हणजे तिसऱ्या वेताची संकरित होल्स्टीन. संध्याकाळी सातला व्याली, कालवड झाली.

"गरम हायेत," काकू म्हणाल्या आणि पुन्हा पायरीवर टेकल्या.

दोन वर्षांपूर्वी याच दावणीची एक गाय व्याल्यावर दुसऱ्या दिवशी बसली, ती उठलीच नाही. मान पोटाकडे वळवलेली, नाक कोरडं, कान गार. आजाराचं नाव दुग्धज्वर, पण अंगात ताप औषधालाही नव्हता. काकूंना सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. शेवटचा महिनाभर त्यांनी तिला रोज लसूणघास घातला होता आणि दुकानदाराने दिलेलं कॅल्शियमचं टॉनिक बाटल्यांमागून बाटल्या पाजलं होतं. "एवढं कॅल्शियम देऊन कॅल्शियमच कमी पडलं?" हा त्यांचा प्रश्न डॉक्टरांनी हसण्यावारी नेला नाही, हे बरं झालं.

उत्तर गणितात आहे. गाईच्या रक्तात एका वेळी जेमतेम 3 ग्रॅम कॅल्शियम फिरत असतं. चिकाच्या एका लिटरमध्येच 2 ग्रॅमच्या आसपास जातं. म्हणजे दहा लिटर चीक निघाला, तर रक्तातला साठा कितीतरी वेळा नव्याने भरावा लागतो. हाडांत किलोंनी कॅल्शियम पडून असतं, पण ते काढून आणायचं काम मानेतल्या परावटु ग्रंथीच्या संप्रेरकाचं. महिनाभर आयतं मिळत राहिलं की ही यंत्रणा सुस्तावते, आणि ऐन गरजेला जागी व्हायला तिला एक-दोन दिवस लागतात. तेवढ्यात गाय बसते. लसूणघासात कॅल्शियमबरोबर पोटॅशियमही भरपूर, त्यामुळे रक्त जास्त अल्कधर्मी होतं आणि संप्रेरकाची हाक हाडांना नीट ऐकू येत नाही.

या खेपेला व्यायच्या 21 दिवस आधी लसूणघास बंद झाला. मक्याचा मुरघास, कडब्याची कुट्टी आणि गोळी पेंडीत मिसळून, रक्ताचा अल्कधर्मीपणा कमी करणाऱ्या अ‍ॅनायोनिक क्षारांचं मिक्श्चर सुरू झालं. ते चवीला इतकं वाईट की पहिले दोन दिवस गौरीने गव्हाणीकडे पाठ फिरवली. शेवटी मळी शिंपडून तिची समजूत काढली. मिक्श्चर लागू पडतंय का, हे मुतावरून कळतं. आठवड्यातून एकदा पहाटे काकू जुना पेला घेऊन गाईमागे उभ्या राहत आणि त्यात कागदी पट्टी बुडवत. एरवी आठच्या वर असणारा सामू सहा ते पावणेसातच्या दरम्यान आला की काम झालं. घरातल्या कुणालाही हे काम नको होतं, हे सांगायला नकोच.

व्याल्यावर क्रम उलटतो. मिक्श्चर बंद, कॅल्शियम सुरू. काकांनी मान धरली, काकूंनी जेलची ट्यूब गालफडातून आत रिकामी केली. हे उभ्या, गिळू शकणाऱ्या गाईलाच. बसलेल्या, सुस्त गाईच्या तोंडात काहीही ओतलं तर ते फुफ्फुसात जातं. तिला डॉक्टरच हवेत, शिरेतून, अगदी हळूहळू, कारण घाई केली तर हृदय बंद पडतं.

कालवडीला चीक पोटभर पाजला, पण कास पूर्ण मोकळी केली नाही. शिजवलेली बाजरी आणि गूळ दिला, तो बेताचाच. व्याल्यावर गाईची भूक मंदावते, ताकद हवी असते, पण एकदम धान्य लोटलं की पोटात आम्ल वाढतं. कॅल्शियम कमी पडलेल्या गाईची वारही अडकू शकते, कारण गर्भाशयही स्नायूच आहे. त्याला आकसायलाही कॅल्शियम लागतं.

पहाटे तीनला गौरीची वार पडली. काकूंनी पुन्हा कानाला हात लावला आणि मग घरात जाऊन चहा टाकला.

सकाळी सातला दुसरी ट्यूब दिली. मिक्श्चरची अर्धी पिशवी उरली होती, ती काकूंनी गाठ मारून फडताळावर ठेवली. शेजारच्या दावणीची गाय पुढच्या महिन्यात व्यायची आहे.